वेलणकर सरांचं अक्षर

सुहास वेलणकरांच्या ऑफिसात मी सहा वर्षं काम केलं, पण त्यांचं अक्षर कसं आहे हे मला आजही सांगता येणार नाही. सही तेवढी पाहिली. एक इंग्रजी एस आणि पुढे लांब रेघ. बाकी काही लिहायची वेळ आली की ते पेन समोरच्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "तुमच्या हातानं लिहा. तुमचं अक्षर छान आहे." ज्याचं अक्षर मुंगीनं पाय ओढल्यासारखं असे त्यालाही ते हेच सांगत. माणूस खूश होऊन लिहायला बसायचा.

मी पुण्याहून हॅमिल्टनला डिप्लोमा करायला आले होते. तो संपला तसा व्हिसाचा शेवटही दिसायला लागला. तेव्हा कुणीतरी म्हणालं, वेलणकरांना भेट, ते आपल्या लोकांचं बघतात. त्यांचं ऑफिस एका डेअरीच्या वर होतं. खाली दूध-ब्रेड-सिगरेटी विकणारं गुजराती कुटुंब, वर दोन खोल्या, जिन्यात कायम गरम केलेल्या मीट-पायचा वास. सर सकाळी कोर्टात मारामाऱ्या करणाऱ्यांची आणि दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची वकिली करत आणि दुपारी ऑफिसात व्हिसाची कामं. त्यांनी माझं काम केलं आणि मला कामावरही ठेवून घेतलं. "हिंदी, मराठी, इंग्रजी तिन्ही नीट बोलतेस. मला अशीच मुलगी हवी होती," म्हणाले. मला ते फार मोठे वाटले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकून कुणाला वाटेल की मला पहिल्यापासूनच सगळं कळत होतं. कळत नव्हतं.

दिसायला ते उंच, गोरे, कानांवर पिकलेले केस. कोर्टातून आले की बूट काढून जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालायचे आणि त्या चटचट वाजवत ऑफिसभर हिंडायचे. गोऱ्या मित्रांना त्यांनी आपलं नाव कापून हॅस करून दिलं होतं. फोनवर "हॅस हिअर, स्वीट अ‍ॅज, मेट," असं एका स्वरात चालायचं आणि फोन ठेवल्याठेवल्या समोरच्या आजींना, "बोला आई, काय म्हणताय, गुडघा कसा आहे?" गुडघा त्यांना खरंच लक्षात असायचा. अशिलाचं नाव, गाव, मुलांच्या इयत्ता, कुणाच्या सासऱ्याची बायपास, सगळं तोंडपाठ. प्रत्येकाला ते खाली गाडीपर्यंत सोडायला जायचे. गाडीचं दार लावून देऊन काचेवर हलकेच दोन बोटं वाजवायची आणि म्हणायचं, "मी आहे ना." वर येऊन मला सांगायचे, "मृणाल, यांची फाईल खालच्या कप्प्यात टाक. होण्यासारखं नाही."

फायलीत काय ठेवायचं याचा त्यांचा नियम होता. अशिलानं लिहिलेलं सगळं ठेवायचं. आपण सांगितलेलं काही ठेवायचं नाही. सुरुवातीला मी भेटींची टिपणं करायचे, वहीत तारखेवार. दोन आठवड्यांनी त्यांनी वही पाहिली, हसले आणि म्हणाले, "अगं, लोक आपल्याकडे मन मोकळं करायला येतात. ते असं लिहून ठेवायचं नसतं. बरं दिसत नाही." ती वही त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली. पुन्हा मला दिसली नाही.

नंदाताई शेलार आमच्याकडे आल्या त्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात. बाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरची बेकरीही दिसत नव्हती, आणि या बाई पातळ स्वेटर घालून बसने आल्या होत्या. मूळच्या नाशिकच्या. नवरा फ्रीझर फॅक्टरीत, मुलगी सई पाच वर्षांची, आणि स्वतः एका भारतीय रेस्टॉरंटात पोळ्या, नान, समोसे करत. कायमचं राहायला मिळावं म्हणून अर्ज करायचा होता.

सरांनी चहा मागवला. गावची चौकशी केली. नंदाताई लवकरच मोकळ्या झाल्या आणि आपल्या आईबद्दल सांगायला लागल्या. आई एका शाळेत झाडलोट करायची. व्हरांडा झाडता झाडता खिडकीतून वर्गातले पाढे ऐकायची, पाठ करायची आणि घरी येऊन भांडी घासताना नंदाताईंना शिकवायची. "आईला अंक लिहिता येत नव्हते साहेब, पण एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायची," त्या म्हणाल्या. सर पुढे वाकून ऐकत होते. त्यांचे डोळे खरोखर ओले झाले. मी पाहिलं आहे.

मग त्यांनी फॉर्म उघडला. हुद्दा काय लिहायचा, असा प्रश्न आला.

"स्वयंपाकीण," नंदाताई म्हणाल्या.

"त्यानं होणार नाही. मॅनेजर लिहा."

"मॅनेजर? पण मी तर पोळ्या लाटते साहेब."

"एकट्याच लाटता?"

"नाही, अजून दोघी आहेत."

"त्यांना कणीक कशी मळायची ते कोण सांगतं?"

"मीच सांगते."

"मग झालात की मॅनेजर." सर हसले. नंदाताईही हसल्या, आणि खरं सांगायचं तर मीही हसले. "रेस्टॉरंटच्या मालकाशी मी बोलतो, तो पत्र देईल. तुम्ही फक्त तुमच्या हातानं लिहा. मृणाल, त्यांना स्पेलिंग सांग."

मी स्पेलिंग सांगितलं. एम, ए, एन. एकेक अक्षर. त्या टेबलावर कोपर टेकून जीभ दातात धरून लिहीत होत्या. खाली कामाचं वर्णन लिहायचं होतं. तेही सर खोलीत फेऱ्या मारत सांगत गेले, मी मराठीतून समजावत गेले आणि नंदाताई लिहीत गेल्या. माल मागवणे, कामाच्या पाळ्या लावणे, नव्या लोकांना प्रशिक्षण. त्यातलं एकही काम त्या करत नव्हत्या. निघताना त्या सरांच्या पाया पडल्या. सर म्हणाले, "अहो, हे काय," आणि पाय मागे घेतले नाहीत.

वर्षाच्या आत त्यांचं काम झालं. त्यांनी स्टीलच्या डब्यातून पुरणपोळ्या आणल्या. तशा कितीतरी डब्यांच्या आठवणी आहेत. हॅमिल्टनमधलं निम्मं मराठी मंडळ सरांच्या शब्दावर उभं होतं.

म्हणून जेव्हा एका पक्षानं त्यांना तिकीट दिलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. रोटोटुना या उपनगरात घरोघरी आम्ही पत्रकं वाटली. हार्डवेअरच्या दुकानाबाहेर पक्षनिधीसाठी सॉसेज भाजून विकताना सर स्वतः अ‍ॅप्रन बांधून उभे राहिले. आयुष्यात मांस न खाल्लेला माणूस चिमट्यानं सॉसेज उलटत गोऱ्या आज्यांशी रग्बीवर बोलत होता. पक्षाच्या यादीतून ते निवडून आले; इथे पक्षाला जेवढी मतं पडतात त्या प्रमाणात यादीतले लोक संसदेत जातात. देवळाच्या हॉलमध्ये ढोल वाजले.

संसदेतलं त्यांचं पहिलं भाषण आम्ही ऑफिसात मोठ्या पडद्यावर लावलं. पंधरावीस जण होते. नंदाताई कामावरून सुट्टी घेऊन आल्या होत्या. सर उभे राहिले, माओरीत "किया ओरा" म्हणाले, "नमस्कार" म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून इंग्रजीत म्हणाले, "माझी आई एका शाळेचा व्हरांडा झाडायची. खिडकीतून ऐकून ती पाढे शिकली. भांडी घासता घासता तिनं ते मला शिकवले. आज मी जिथे उभा आहे, तिथे त्या व्हरांड्यातून आलो आहे."

सभागृहात टाळ्या. आमच्या खोलीतही टाळ्या. मी नंदाताईंकडे पाहिलं. त्यांना इंग्रजी बरंच समजायला लागलं होतं.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "ही माझी आई आहे ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

सरांच्या आईला मी भेटले होते. त्या पुण्यातल्या एका कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. लेकाकडे आल्या असताना ऑफिसात आल्या, माझ्या टेबलावरचं पत्र वाचलं आणि दोन चुका काढून गेल्या. झाडू त्यांनी कधी हातात धरला असेल असं मला वाटत नाही.

"असू दे," नंदाताई म्हणाल्या. "त्यांच्या तोंडी चांगलं वाटलं."

 दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी कामावर गेले. आता ते नुसते वकील नव्हते, खासदार होते, आणि त्यांच्या खासदारकीच्या ऑफिसात मला चांगली खुर्ची मिळाली होती.

दीड वर्षानं त्या रेस्टॉरंटची चौकशी सुरू झाली. तिथल्या दुसऱ्याच कुणीतरी तक्रार केली होती. अधिकाऱ्यांनी कागद काढले, आणि पोळ्या लाटणारी बाई कागदावर मॅनेजर आहे हे त्यांना दिसलं. नंदाताईंना पत्र आलं. खोटी माहिती देऊन राहण्याचा हक्क मिळवला, तो काढून का घेऊ नये, असा त्यातला आशय. ते घेऊन त्या नवऱ्यासोबत ऑफिसात आल्या. सर त्या दिवशी राजधानीहून, वेलिंग्टनहून आले होते.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"हे असं का लिहिलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

नंदाताईंना आधी प्रश्नच कळला नाही. "साहेब, तुम्हीच तर सांगितलं होतंत."

"मी? मी कसं सांगेन? मी वकील आहे." आवाज अगदी मऊ होता, गुडघ्याची चौकशी करायचे तसा. "नंदाताई, तुम्ही घाबरला आहात, मी समजू शकतो. पण हे अक्षर बघा. कुणाचं आहे?"

"माझं."

"मग?"

नवरा म्हणाला, "ह्या ताई होत्या की तिथे. त्यांनी स्पेलिंग सांगितलं होतं."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. सरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनंती नव्हती. ते नुसते वाट पाहत होते, दुकानदार सुट्या पैशांची वाट बघतो तसे. मला माझी खुर्ची आठवली. माझा स्वतःचा अर्जही सरांच्याच टेबलावर भरला गेला होता आणि त्यात काय काय लिहिलं होतं ते आठवलं. माझं नुकतंच लग्न झालं होतं, आम्ही घर बघत होतो.

"मला नीट आठवत नाही," मी म्हणाले.

सरांनी त्या दोघांना खाली गाडीपर्यंत सोडलं. मी खिडकीतून पाहिलं. गाडीच्या काचेवर त्यांनी दोन बोटं वाजवली.

त्यानंतर आठ महिने मी गप्प बसले. ते आठ महिने मी काय करत होते ते सांगण्यासारखं नाही, कारण काहीच करत नव्हते. जेवत होते, झोपत होते, घरं बघत होते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "उद्या आपलं कुणी उकरून काढलं तर?" त्याचंही खोटं नव्हतं.

मग संसदेत एक विधेयक आलं. व्हिसाच्या अर्जात खोटं लिहिणाऱ्यांवर अधिक कडक कारवाई करण्याचं. पक्षानं त्यावर बोलायला सरांना उभं केलं. आपल्यातलाच माणूस बोलला की बरं दिसतं. मी ऑफिसात एकटी ऐकत होते. ते म्हणाले, "जो खोटं लिहितो तो रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक प्रामाणिक स्थलांतरिताचा अपमान करतो. मी त्या रांगेत उभा राहिलेलो आहे." मागे बसलेला एक खासदार मान डोलावत होता. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि खरोखर ओकले. ही बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही. तोंड धुऊन आले आणि राजीनामा लिहिला. मग दुसरा कागद घेऊन, त्या दिवशी त्या खोलीत काय झालं ते सगळं लिहून काढलं आणि नंदाताईंच्या नव्या वकिलीणबाईंना दिलं.

त्यांनी ते वाचून डोळ्यांवरून हात फिरवला. "दहा दिवसांपूर्वी आणलं असतंत तर," त्या इंग्रजीत म्हणाल्या. नंदाताईंचा राहण्याचा हक्क काढून घेतला होता आणि त्यावरचं अपीलही तोवर फेटाळलं गेलं होतं. तरी त्यांनी वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या समितीकडे माझा जबाब पाठवला. सरांचं उत्तर आलं, चार ओळींचं, टाईप केलेलं. भाषेच्या अडचणीमुळे काही अशिलांना फॉर्म भरायला आपली कर्मचारी मदत करत असे. तिच्यावर आपण जरुरीपेक्षा जास्त विश्वास टाकला याची खंत वाटते. तिच्याबद्दल मनात कटुता नाही. समितीला माझ्या शब्दाविरुद्ध त्यांचा शब्द एवढंच दिसत होतं. कागद काहीच नव्हता. प्रकरण बंद झालं.

कटुता नाही. तो शब्द मला अजून अंगावर पाल पडावी तसा वाटतो.

शेलार कुटुंब गेलं त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले होते. ट्रेलरमध्ये सोफा चढवत होते, कुणीतरी विकत घेतला होता. सई तेव्हा दहा वर्षांची, शाळेच्या नेटबॉलच्या संघात होती. आईशी भांडत होती, "आय कान्ट ईव्हन रीड मराठी, मम." नंदाताई मराठीतून समजावत होत्या, ती इंग्रजीतून रडत होती. मला पाहून नंदाताई बाहेर आल्या. मी माफी मागायला गेले होते.

"तुम्ही लिहून दिलंत ते कळलं," त्या म्हणाल्या. "उशिरा का होईना."

"नंदाताई, मला आठवत होतं. त्या दिवशीसुद्धा."

"ते माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "मी तुमचं तोंड बघत होते तेव्हा." आत जाऊन सईचे स्पर्धेचे कप वर्तमानपत्रात गुंडाळायला लागल्या. मीही बसले गुंडाळायला. एवढंच करता येण्यासारखं होतं.

पुढच्या निवडणुकीत पक्षानं सरांना यादीत खाली ढकललं आणि ते पडले. त्यांच्या तत्त्वांमुळे पडले नाहीत. पक्षालाच मतं कमी मिळाली. मला वाटलं, आता संपलं. वर्षभरात बातमी आली की ते सरकारी वकील झाले, गंभीर गुन्ह्यांचे खटले सरकारतर्फे चालवणार. मंडळानं गणपतीत त्यांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि अध्यक्षांचं वाक्य, "आता तर आपला माणूसच सरकार आहे." ज्यांना नंदाताईंचं माहीत होतं असे निदान सात-आठ जण त्या हॉलमध्ये होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नवऱ्यानंही वाजवल्या; घरी येताना म्हणाला, हात आपोआप गेले.

सरकारी वकील म्हणून ते फार यशस्वी झाले. स्वाभाविक होतं. माणसाचा विश्वास कसा बसतो आणि कुठे तुटतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एका खटल्यात एक आरोपी बाई म्हणाली की कागदांवर काय होतं ते मला कळलं नव्हतं, मला सांगितलं तिथे मी सही केली. पेपरात सरांचा युक्तिवाद छापून आला: सही करणारा माणूस सज्ञान असतो. शेजारी फोटो होता, काळा झगा, तोच शांत चेहरा. मी तो पेपर रिसायकलिंगच्या पिवळ्या डब्यात टाकला आणि वरून ओला कचरा ओतला. नवरा म्हणाला, त्या डब्यात ओला कचरा चालत नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी. मला ज्यूरीसाठी बोलावणं आलं होतं. इथे ते कुणालाही येतं, पोस्टानं. हॅमिल्टनच्या कोर्टात आम्ही पन्नासेक जण एका खोलीत बसलो. नर्सेस, शेतकरी, एक शाळामास्तर, बरेचसे फोनमध्ये डोकं घालून. मग सगळ्यांना न्यायालयात नेलं. आरोपी साठीचा एक गॅरेजवाला होता, कुणाला तरी पान्यानं मारल्याचा आरोप. न्यायाधीशबाईंनी सरकारी वकिलांचं नाव सांगितलं आणि ते उठून आमच्याकडे वळून किंचित झुकले. केस आता पूर्ण पांढरे. देखणे दिसत होते.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, या खटल्यातल्या कुणाला तुम्ही ओळखत असाल तर नाव पुकारल्यावर इथे येऊन मला सांगा. मी मनात वाक्य जुळवायला लागले. आधी साधं, मी या गृहस्थांना ओळखते, एवढंच. मग वाटलं, बाई विचारतील, कसं ओळखता. त्याचं खरं उत्तर देता येईल. इथे, सगळ्यांसमोर, शपथ न घेता का होईना.  पेटीतून चिठ्ठ्या निघत होत्या, नावं पुकारली जात होती, माणसं उठून ज्यूरीच्या बाकांकडे जात होती. सातवं नाव माझं निघालं. अर्थात मोडतोड करून उच्चारलेलं.

मी उठले. न्यायाधीशांच्या टेबलाकडे वळायचं की बाकांकडे, या विचारात दोन पावलं टाकली असतील.

"चॅलेंज," वेलणकर सर म्हणाले.

दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही जणांना असं नाकारता येतं, कारण सांगावं लागत नाही. आमच्या नावांची यादी त्यांना आधीच मिळालेली असते. त्यांनी मान वर केली नव्हती. बोट समोरच्या कागदावर होतं, बहुधा माझ्या नावावर. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "थँक यू, तुम्ही जागेवर बसा." मी तशीच उभी राहिले. तेव्हा त्यांनी वर पाहिलं. ओळख दाखवली नाही, नजर चुकवलीही नाही. मी बसेपर्यंत सौजन्यानं थांबले, आणि पुढचं नाव पुकारायला हरकत नाही अशा अर्थानं क्लार्ककडे पाहून मान हलवली.

पुढचं नाव एका तरुण मुलीचं होतं. ती जाऊन बसली.

बारा जण झाल्यावर आम्हा उरलेल्यांना सोडलं. खालच्या खिडकीत हजेरीचा कागद परत द्यायचा होता. तिथल्या बाई वयस्कर होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, "नाकारलं का तुम्हाला?"

"हो."

"मनाला लावून घेऊ नका हं, लव्ह," त्या म्हणाल्या. "ते वकील लोक तुम्हाला ओळखतसुद्धा नसतात."

माझं वाक्य अजून तोंडातच होतं. बाईंनी कागदावर शिक्का मारला, माझ्यामागच्या माणसाला पुढे बोलावलं, आणि मी बाजूला झाले.